साध्या कॅमेऱ्यानं नजर टिपणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेत माझी छोटी कॉम्प्युटर लॅब आहे. माणूस स्क्रीनवर कुठं बघतोय ते लॅपटॉपच्या वेबकॅमनं टिपायचं काम इथं चालतं. येणारे लोक तीन तऱ्हेचे. प्रोजेक्टवाली इंजिनिअरिंगची पोरं, पाकिटाचं किंवा जाहिरातीचं डिझाइन तपासून घ्यायला आलेले व्यापारी, आणि मिरजेच्या दवाखान्यांतून कुणी तरी पाठवलेले पेशंटचे नातेवाईक. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. घाईत असाल तर एवढंच वाचा: साध्या कॅमेऱ्याला स्क्रीनचा भाग कळतो, शब्द कळत नाही. ज्या कामाला भाग कळून भागतं ते काम जरूर करा. ज्याला शब्द लागतो, त्याच्या नादाला वेबकॅम घेऊन लागू नका.

कॅमेऱ्याला नजर कळते तरी कशी?

आपल्याला स्वच्छ दिसतं ते फार थोड्या भागात. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. साधारण तेवढाच भाग डोळा बारकाईनं बघू शकतो, बाकी सगळं धूसर. त्यामुळं नवं काही बघायचं तर डोळा वळवावाच लागतो, आणि वळलेला डोळा बाहेरून दिसतो. सगळा खेळ एवढ्यावरच उभा आहे.

सॉफ्टवेअर आधी चेहरा शोधतं, मग चेहऱ्यावरचे ठरावीक बिंदू. गुगलचं मीडियापाइप हे मोफत सॉफ्टवेअर चेहऱ्यावर ४६८ बिंदू टाकतं आणि बुबुळांचे आणखी १०. मग डोळ्याचं छोटं चित्र कापून घेतलं जातं. ‘डोळा असा दिसत होता तेव्हा माणूस स्क्रीनवर इथं बघत होता’ अशा जोड्या आधी गोळा करून ठेवलेल्या असतात. त्यांवरून नव्या चित्राचा अंदाज बांधला जातो. अंदाज हा शब्द ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

अचूकता किती?

साध्या वेबकॅमवर चूक ४ अंशांच्या आसपास धरून चाला. साठ सेंटिमीटरवर बसलेल्या माणसासाठी एक अंश म्हणजे स्क्रीनवर साधारण एक सेंटिमीटर. म्हणजे प्रोग्राम नजरेचा ठिपका जिथं दाखवतोय तिथून चार सेंटिमीटर इकडं किंवा तिकडं खरी नजर असू शकते. चांगला उजेड, न हलणारी मान आणि ताजं कॅलिब्रेशन (ठिपके दाखवून केलेली जुळणी) असेल तर आकडा खाली येतो. दुपारी तीनला खिडकीला पाठ करून बसवलेल्या माणसाचा आकडा मी लिहीतही नाही.

ही चूक कुठून येते ते एकदा हिशेब मांडून बघा, मग सॉफ्टवेअरला शिव्या द्याव्याशा वाटणार नाहीत. लॅपटॉप १५.६ इंची, म्हणजे स्क्रीनची रुंदी ३४ सेंटिमीटरच्या थोडी वर. वेबकॅमच्या चित्रात आडवे १,२८० पिक्सेल, आणि लेन्सचा आवाका ६० अंश धरू. साठ सेंटिमीटरवर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याला मग सेंटिमीटरमागं १८-१९ पिक्सेल मिळतात. बुबुळाची रुंदी बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांत सारखीच असते, ११.७ मिलिमीटरच्या जवळपास. म्हणजे बुबुळ झालं २२ पिक्सेलचं. आता नजर एक अंशानं सरकली तर बाहुली सरकते जेमतेम ०.२ मिलिमीटर. म्हणजे अर्धा पिक्सेलसुद्धा नाही. स्क्रीनच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत नजर फिरवली तरी बाहुलीचा सगळा प्रवास दहा-बारा पिक्सेलांत संपतो. आणि तेवढ्यात माणसानं मान एक सेंटिमीटर बाजूला घेतली तर अख्खा चेहराच १८ पिक्सेल सरकतो.

उभ्या दिशेची गत आणखी वाईट. खाली बघताना वरची पापणी खाली येते आणि बुबुळ झाकून टाकते. त्यात कॅमेरा बसवलेला असतो स्क्रीनच्या वर. त्यामुळं डावं-उजवं बरं कळतं, वर-खाली कमी.

माझा रिवाज असा: १५ इंची स्क्रीनचे सहा खाने पाडायचे, तीन आडवे आणि दोन उभे. एका खान्याला साधारण ११ बाय साडेनऊ सेंटिमीटर जागा मिळते. सहाच्या वर खाने मागणाऱ्याला मी आधी विचारतो, तुमचा निर्णय खरंच तेवढ्या खान्यांवर अडलाय का? बहुतेकदा नसतो.

मग त्या महागड्या मशीनमध्ये वेगळं काय असतं?

अवरक्त (इन्फ्रारेड) दिवे. मशीन डोळ्यावर न दिसणारा प्रकाश टाकतं, त्याची चमक बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर उमटते, आणि बाहुलीचं केंद्र व ती चमक यांच्यातल्या अंतरावरून दिशा काढली जाते. डोकं थोडं हललं तर दोन्ही बरोबर हलतात, म्हणून हिशेब बिघडत नाही. स्वीडनच्या टोबी कंपनीची यंत्रं याच तत्त्वावर चालतात. चांगल्या यंत्राची चूक अर्ध्या अंशाच्या आसपास असते.

आपल्याकडच्या डोळ्यांना या प्रकाशाचा आणखी एक फायदा होतो. काळ्याभोर बुबुळात काळी बाहुली साध्या उजेडात उठून दिसतच नाही. आरशासमोर उभं राहून स्वतःची बाहुली शोधून बघा. अवरक्त प्रकाश मात्र बुबुळातला रंग फारसा शोषत नाही, त्यामुळं तेच बुबुळ फिकट दिसतं आणि बाहुली स्वच्छ काळी. निळ्या डोळ्यांवर पाठ झालेला प्रोग्राम सांगलीत आणून ‘चालत नाही’ म्हणणाऱ्या पोरांनी याचा विचार करावा.

आणि एक ताकीद. यूट्यूब बघून वेबकॅममधला अवरक्त प्रकाश अडवणारा फिल्टर काढून डोळ्यासमोर अवरक्त एलईडी लावायचा उद्योग घरी करू नका. तो प्रकाश दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही आणि बाहुलीही आकसत नाही. डोळा काही तक्रार करत नाही, आणि तीच खरी भीती.

कॅलिब्रेशन म्हणजे काय? ते दर वेळी का करायचं?

स्क्रीनवर ठिपके येतात. प्रत्येकाकडं बघत क्लिक करायचं. वेबगेझर नावाच्या मोफत लायब्ररीच्या (तयार कोडच्या संचाच्या) नमुना पानावर नऊ ठिपके असतात आणि प्रत्येकावर पाच वेळा क्लिक करावं लागतं. मग मधल्या ठिपक्याकडं काही सेकंद टक लावली की किती जमलं ते कळतं. दर वेळी करायचं कारण वर आलंच आहे: खुर्ची सरकली, लॅपटॉपचं झाकण थोडं कललं, की आधीच्या जोड्या खोट्या पडतात. माणूस पाणी प्यायला उठून आला तरी मी पुन्हा ठिपके दाखवतो.

यात यंत्रापेक्षा माणूस सांभाळणं अवघड. ‘ठिपक्याकडं बघा’ म्हटलं की वयस्कर माणसं अख्खी मान वळवतात. ‘मान न हलवता बघा’ म्हटलं की पापणी लववायचीच बंद करतात, आणि तिसऱ्या ठिपक्यापर्यंत डोळ्यांना पाणी. मी आता सूचना देतच नाही. पाठ टेकता येईल अशी न फिरणारी खुर्ची देतो, कोपर टेबलावर ठेवायला सांगतो आणि गप्पा मारत ठिपके उरकतो. चाकांच्या खुर्चीवर माणूस पाच मिनिटंही एका जागी बसत नाही. पंचवीसशेच्या नव्या वेबकॅमपेक्षा लाकडी खुर्ची जास्त अचूकता देते, असं माझं स्पष्ट मत आहे.

उजेड कसा हवा?

समोरून, सारखा आणि मऊ. पाठीमागं खिडकी नको. अंधारलेल्या खोलीत कॅमेरा प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ घेतो. मग सेकंदाला ३० फ्रेम म्हणून विकलेला वेबकॅम १५ वर येतो, आणि वर चित्र पुसट.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेऱ्याची सेटिंग ६० हर्ट्झवर राहिली असेल तर ट्यूबलाइटखाली चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. अर्ध्या पिक्सेलच्या कामात हे पट्टे धुमाकूळ घालतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फ्लिकरचा पर्याय शोधा आणि तिथं ५० निवडा.

चष्मा, काजळ, तिरळेपणा?

चष्मा चालतो, पण काचेवर स्क्रीनचं प्रतिबिंब पडलं की बाहुलीवर पांढरा चौकोन बसतो. स्क्रीनचा उजेड कमी करा, ट्यूबलाइट डोक्यावर न ठेवता बाजूला घ्या. मोठ्या मायनस नंबरच्या काचेतून डोळा लहान दिसतो, म्हणजे आधीच मोजके असलेले पिक्सेल आणखी घटतात. जाड काजळानं पापणीची कड चुकते. तिरळेपणा असेल तर दोन्ही डोळ्यांची सरासरी घेणारा प्रोग्राम फसतो, एकच डोळा धरणारा निवडा. डोळे आपोआप थरथरत असतील तर साध्या कॅमेऱ्याचा आग्रह सोडा.

बेदाण्याच्या पाकिटाची दोन डिझाइनं आहेत. लोकांचं लक्ष कुठं जातं ते कळेल का?

हे काम वेबकॅमला छान जमतं, फक्त प्रश्न नीट मांडायला हवा. तासगावच्या व्यापाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘आमचं नाव वाचतात का?’ वाचतात का ते कॅमेरा सांगणार नाही. नाव जिथं छापलंय त्या भागाकडं नजर गेली का, आधी गेली की नंतर, आणि किती वेळ थांबली, एवढं तो सांगेल.

पाकिटाचा फोटो स्क्रीनभर मोठा दाखवायचा. वरचा भाग, म्हणजे नाव नि चिन्ह, हा एक खाना. मधली पारदर्शक खिडकी, जिच्यातून बेदाणा दिसतो, तो दुसरा. खालची वजन-किमतीची पट्टी तिसरा. शाकाहारीचा हिरवा ठिपका, बारकोड, पॅकिंगची तारीख यांना वेगळे खाने देऊ नका. ते चार सेंटिमीटरच्या चुकीत बुडून जातात. प्रत्येकाला पाकीट सात-आठ सेकंदच दाखवायचं. जास्त वेळ दिला की माणूस कंटाळून सगळीकडंच बघतो.

दोन्ही डिझाइनं त्याच माणसाला दाखवणार असाल तर निम्म्यांना आधी ‘अ’ आणि निम्म्यांना आधी ‘ब’. दाखवण्याआधी स्क्रीनच्या मध्यभागी एक अधिक चिन्ह ठेवा, म्हणजे सगळ्यांची सुरुवात एकाच जागेवरून होईल. पण मग मधल्या खान्यावरची पहिली झलक हिशेबात धरू नका, ती त्या चिन्हानं आणलेली असते. आणि बघणारी माणसं कोण? मालकाचा भाऊ, मेहुणा आणि दुकानातला पोऱ्या नकोत. त्यांना पाकीट पाठ असतं.

हीटमॅपमध्ये (नजर कुठं किती थांबली ते रंगांत दाखवणाऱ्या नकाशात) लाल दिसलं म्हणजे लोकांना आवडलं?

नाही. लाल म्हणजे नजर तिथं जास्त वेळ होती. आवडलं म्हणून, किंवा अक्षरं बारीक म्हणून, किंवा काही उलगडेना म्हणून. हळदीच्या पुडीवर पिवळ्यात पांढरी अक्षरं छापलेली होती, आणि लाल डाग नेमका तिथं. मालक खूश. आम्ही बघणाऱ्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, ‘अवो, ते काय लिवलंय तेच लागंना.’ नजरेचा नकाशा झाल्यावर माणसाशी दोन मिनिटं बोला. तेवढी दोन मिनिटं वाचवणारा नकाशा अजून निघालेला नाही.

लोक काय करायला बसलेत यावरही नजर ठरते. रशियन शास्त्रज्ञ यार्बुस यानं एकच चित्र एकाच माणसाला वेगवेगळे प्रश्न देऊन दाखवलं होतं, आणि दर प्रश्नाला नजरेची वाट वेगळी निघाली. त्याचं पुस्तक इंग्रजीत १९६७ साली आलं. तेव्हा ‘किंमत सांगा’ म्हणून दाखवलेलं पाकीट आणि ‘नुसतं बघा’ म्हणून दाखवलेलं पाकीट यांचे नकाशे एकमेकांवर ठेवू नका.

दुकानात सीसीटीव्ही हाय की! त्यावरनं गिऱ्हाईक कुठल्या रॅककडं बघतंय ते नाही का कळणार?

नाही. पूर्ण एचडी कॅमेरा, ९० अंशांची लेन्स, गिऱ्हाईक चार मीटरवर. तेवढ्या अंतरावर कॅमेऱ्याला आठ मीटर रुंदी दिसते, म्हणजे सेंटिमीटरमागं सव्वादोन-अडीच पिक्सेल. बुबुळ झालं तीन पिक्सेलचं, तेही छतावरून, पापणीआड. डोकं कुठल्या बाजूला वळलंय एवढं फार तर कळेल. शिवाय गिऱ्हाइकाला न विचारता त्याच्या नजरेचा हिशेब ठेवणं मला पटत नाही. कुठला माल हातात घेतला जातो आणि परत ठेवला जातो, ते गल्ल्यावरच्या माणसाला विचारा.

नाटक चालू असताना प्रेक्षक रंगमंचावर कुठं बघतात ते टिपता येईल?

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथं ‘सीतास्वयंवर’ केलं त्या गावात हा प्रश्न यायचाच. एका हौशी दिग्दर्शकानं विचारला होता. अंधाऱ्या प्रेक्षागृहात, दूर बसलेल्या शे-दोनशे माणसांची नजर साध्या कॅमेऱ्यानं टिपता येत नाही. दुसरी वाट मात्र आहे. तालमीचं चित्रीकरण एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्यानं करा, आणि ते एकेका माणसाला लॅपटॉपवर दाखवा. रंगमंचाचे डावा, मधला, उजवा असे तीन खाने पाडले की वेबकॅम खुशीत काम करतो. संवाद एकीकडं चाललाय आणि लोक दुसरीकडच्या मूक पात्राकडं बघतायत, असं दिसलं की दिग्दर्शकाला पुढचं सांगावं लागत नाही.

मराठी वाचताना मुलगा कुठल्या शब्दावर अडखळतो ते कळेल?

कळणार नाही. वाचताना नजर सरळ घसरत जात नाही, उड्या मारते. एका जागी साधारण पाव सेकंद थांबते आणि पुढं झेपावते. झेप बहुतेकदा सेकंदाच्या विसाव्या हिश्शात संपते. सेकंदाला ३० फ्रेमच्या कॅमेऱ्याच्या हाती झेपेतली एखाद-दुसरी फ्रेम लागते. त्यात शब्दांमधलं अंतर एक सेंटिमीटर आणि आपली चूक चारची. शब्दापर्यंत जाणारा अभ्यास प्रयोगशाळेतल्या यंत्रावरच होतो. आयआयटी मुंबईत भाषेच्या संगणकीय अभ्यासासाठी अशा यंत्रांवर काम झालेलं आहे.

घरी करण्याजोगं दुसरं काही हवं असेल तर कॅमेरा बंदच करा. मजकूर धूसर दाखवायचा आणि जिथं क्लिक करेल तेवढाच भाग स्पष्ट व्हायचा, अशी सोपी पद्धत आहे. मूल कुठं थांबलं आणि कुठं मागं आलं ते क्लिकवरून कळतं. वेबकॅमपेक्षा हे मला कितीतरी भरवशाचं वाटतं.

वडिलांचं बोलणं गेलंय, हातही हलत नाहीत. डोळे शाबूत आहेत. साध्या कॅमेऱ्यावर त्यांना लिहिता येईल का?

मिरजेहून येणारे लोक हाच प्रश्न घेऊन येतात, आणि यंत्राची माहिती ऐकायच्या तयारीनं येतात. मी त्यांना आधी प्लॅस्टिकचा पारदर्शक पत्रा आणायला सांगतो.

साधारण दोन फूट रुंद, दीड फूट उंच ॲक्रिलिकचा पत्रा. तो पेशंटच्या आणि तुमच्या चेहऱ्यांमध्ये धरायचा. मधोमध चेहऱ्याएवढी मोकळी जागा. भोवती आठ ठिकाणी अक्षरांचे गट. आपली वर्णमाला या कामाला आयती उपयोगी पडते: स्वर, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, ‘य र ल व श’, आणि ‘ष स ह ळ ज्ञ’. पेशंट आधी गटाकडं बघतो, मग गटातल्या अक्षराच्या क्रमांकासाठी ठरवलेल्या जागेकडं. स्वरांत ‘अ आ इ उ ए ओ’ एवढेच ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ घरच्यांना कळतं. ‘पाणी’ लिहायचं तर प, आ, ण, इ. दोन-दोन नजरा धरून आठ वेळा बघणं. पण ‘पा’ झालं की घरातलं कुणी तरी ‘पाणी?’ विचारतंच, आणि वडील वर बघून हो म्हणतात. काम चारच नजरांत होतं. अक्षरं दोन्ही बाजूंनी चिकटवा, म्हणजे तुम्हालाही सुलटी दिसतील. वीज नको, कॅलिब्रेशन नको, रात्री दोन वाजताही चालतं.

हे जमलं की मग कॅमेरा. गुगलचं ‘लुक टू स्पीक’ हे अँड्रॉइडवरचं मोफत ॲप २०२० मध्ये आलं. त्यात फक्त डावीकडं, उजवीकडं आणि वर बघायचं असतं. वाक्यांची यादी दोन भागांत वाटली जाते, नजरेच्या बाजूनं निम्मी निम्मी गळत शेवटी एक वाक्य उरतं आणि फोन ते बोलतो. साध्या कॅमेऱ्याला जे जमतं तेवढंच मागणारं हे ॲप आहे, म्हणून मला ते आवडतं. वाक्यं आपली घालता येतात. ‘कूस बदला’, ‘कफ झालाय’, ‘पंखा कमी करा’ ही पहिली घाला. फोन स्टँडवर, डोळ्यांच्या थोडा खाली आणि हाताच्या अंतरावर ठेवा.

आयफोन असेल तर आयओएस १८ पासून समोरच्या कॅमेऱ्यावर चालणारी नजरेची सोय फोनमध्येच आहे, आयफोन १२ आणि त्यापुढच्या मॉडेलांवर. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत मिळेल. नजर एखाद्या बटणावर रोखून धरली की ते दाबलं जातं. किती वेळ रोखायची ते वाढवून घ्या, नाहीतर नुसतं बघितलं तरी भलतंच उघडत बसतं आणि माणूस वैतागतो.

पूर्ण कीबोर्डवर अक्षर-अक्षर लिहायचं असेल तर अवरक्त यंत्र लागेल. ऑप्टिकी हा मोफत प्रोग्राम विंडोजवर अशा यंत्रांबरोबर चालतो. आधी डोळ्यांच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांना विचारा, आजार वाढला तर नजर किती दिवस साथ देईल म्हणून. काही आजारांत डोळ्यांचे स्नायूही थकतात. तेव्हा खरेदी त्या उत्तरानंतर.

ऑनलाइन परीक्षेत मुलं दुसरीकडं बघतात का ते याच्यावर पकडता येईल?

क्लासवाल्यांचा लाडका प्रश्न. मी हे काम घेत नाही. गणित सोडवणारं पोरगं छताकडं बघतं, कच्चं काम करायला वहीकडं बघतं. त्याला कॉपी म्हणणारा प्रोग्राम प्रामाणिक पोरांना आधी पकडतो. चेहरा फ्रेममधून गेला, दुसरा माणूस आला, एवढं कॅमेरा सांगू शकतो. नजरेवरून आरोप करण्याएवढा तो शहाणा नाही.

रात्री खंबाटकी घाटात ड्रायव्हरला डुलकी लागली तर कळेल?

ते वेगळं आणि त्यामानानं सोपं काम. तिथं नजर कुठं आहे हे लागतच नाही, पापण्या किती मिटल्यात हे लागतं. डोळे ८० टक्के किंवा जास्त मिटलेले असण्याचा वेळ मिनिटामागं मोजतात. दिवसा साधा कॅमेरा चालतो. रात्री केबिनमध्ये अंधार, म्हणून अवरक्त कॅमेरा लागतोच. असं यंत्र बसवलं म्हणून झोप पुढं ढकलू नका, एवढं मालकांना सांगणं.

व्हिडिओ कुठं जातो? कायदा काय म्हणतो?

वेबगेझरसारखी लायब्ररी ब्राउझरमध्येच हिशेब करते. व्हिडिओ बाहेर पाठवायची गरज नसते. पण ज्यानं पान बनवलंय त्याला पाठवायचाच असेल तर तो पाठवू शकतो, तेव्हा विचारून घ्या. माझ्याकडं व्हिडिओ ठेवला जात नाही. राहतात ते नजरेचे आकडे आणि नावाऐवजी क्रमांक.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मागायचा हक्क त्यात आहे, म्हणजे मराठीतही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आई-वडिलांची पडताळता येणारी संमती लागते, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. काही संस्थांना ठरावीक कामापुरती सूट आहे, पण ‘आम्ही क्लास चालवतो’ एवढ्यानं ती मिळाली असं समजू नका.

संमतीचा कागद माझ्याकडं एकाच पानाचा आहे. वाचता न येणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि ‘मधेच उठून गेलात तरी चालेल’ हे वाक्य सगळ्यात वर.

प्रोजेक्ट करायचाय. कुठून सुरुवात करू?

ब्राउझरमध्ये करायचं तर वेबगेझर; ब्राउन विद्यापीठातून २०१६ मध्ये आलेलं. कॅमेरा उघडायला पान एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर हवं. फाइल नुसती डबल-क्लिक करून ‘चालत नाही सर’ म्हणू नका. मानसशास्त्राच्या प्रयोगासारखं हवं असेल तर जेएससायक, त्यात वेबगेझर जोडता येतं. पायथॉनमध्ये ओपनसीव्ही आणि मीडियापाइप.

मोबाइलवर करणार असाल तर २०१६ चा ‘गेझकॅप्चर’ या नजरेच्या नोंदींच्या संचाबद्दल वाचा: १,४५० हून जास्त लोक, जवळपास २५ लाख फ्रेम. कॅलिब्रेशनशिवाय फोनवर १.७१ आणि टॅब्लेटवर २.५३ सेंटिमीटर चूक त्यांनी नोंदवली. सेंटिमीटर कमी दिसतात म्हणून हुरळून जाऊ नका, फोनची स्क्रीनच सात सेंटिमीटर रुंद असते.

रिपोर्टमध्ये अचूकता ‘९५ टक्के’ लिहून आणणाऱ्याला मी परत पाठवतो. कशाच्या ९५ टक्के? किती खाने, किती अंतर, किती माणसं, चष्मेवाले किती, ते लिहा. आणि हॉस्टेलच्या मित्रांवरच तपासू नका. एखादे आजोबा, एखाद्या नऊवारीतल्या मावशी बसवा. प्रोग्राम कुठं मोडतो ते तिथं दिसतं, आणि परीक्षकही नेमकं तेच विचारतात.

ठिपका सारखा नाचतोय. काय करू?

थोडा नाच ठरलेलाच आहे. पाच-सहा फ्रेमची सरासरी घ्या. सगळाच ठिपका एका बाजूला सरकलेला असेल तर माणूस हललाय, पुन्हा कॅलिब्रेशन. वर-खालीच बिघडत असेल तर लॅपटॉपखाली दोन जाड पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला आणा. अधूनमधून एकदम कोपऱ्यात उडी मारत असेल तर ती पापणीची लवणी आहे, त्या फ्रेम टाकून द्या. आणि कुठंच काही लागत नसेल तर आधी लेन्स पुसा. निम्म्या लॅपटॉपांच्या लेन्सवर बोटांचे ठसे असतात.